वूयुए राज्याचे मांडलिकत्व आणि त्याची किंमत

इ. स. ९७८ च्या उन्हाळ्यात वूयुएचा राजा छ्येन छू याने खायफंग येथील सुंग सम्राटाच्या दरबारी आपल्या राज्याची नोंदवही सादर केली. तेरा प्रांत, एक लष्करी विभाग, ८६ तालुके, साडेपाच लाखांहून अधिक कुटुंबे आणि सुमारे १ लाख १५ हजार सैनिक असा त्या राज्याचा पसारा होता. एकही बाण न सुटता हा सर्व प्रदेश सुंग साम्राज्यात विलीन झाला. तांग साम्राज्य इ. स. ९०७ मध्ये कोसळल्यावर उत्तर चीनमध्ये ५३ वर्षांत पाच राजघराणी एकामागून एक आली आणि गेली. दक्षिणेत व इतरत्र मिळून ‘दहा राज्ये’ म्हणून ओळखली जाणारी राज्ये उभी राहिली. त्यांपैकी बहुतेकांचा शेवट रणांगणावर किंवा राजवाड्यातील कत्तलीत झाला. वूयुएचा शेवट मात्र एका वहीने झाला, आणि या शेवटाचे मोल काय करावे याविषयी चिनी इतिहासकारांत पुढील शंभर वर्षांतच तीव्र मतभेद उत्पन्न झाले.

या मतभेदाची दोन टोके सुंग काळातील दोन थोर साहित्यिकांच्या नावांशी निगडित आहेत. ओउयांग श्यू (१००७–१०७२) याने ‘पाच राजवंशांचा नवा इतिहास’ लिहिताना छ्येन घराण्याविषयी अत्यंत कठोर निर्णय दिला. या घराण्याने कोंबड्या, मासे, अंडी, पिले अशा क्षुल्लक वस्तूंवरही घरोघर कर बसविला. थकबाकीदारास दरबारी उभे करून निरनिराळ्या खात्यांचे कारकून आपापल्या वह्या घेऊन ओळीने उभे राहत, एकाने थकबाकी वाचली की तेवढे फटके मोजले जात, मग दुसरा वाचावयास लागे, आणि अशा रीतीने फटक्यांची संख्या शंभरावर जाई, असे त्याने नमूद केले आहे. उलट सू शी याने १०७८ च्या सुमारास, छ्येन राजांच्या पडझड झालेल्या समाध्यांच्या व्यवस्थेसाठी हांगचौचा प्रांताधिकारी झाओ ब्येन याने केलेल्या विनंतीच्या अनुषंगाने, जो शिलालेख रचला त्यात याच घराण्याची स्तुती आहे. शू आणि च्यांगनान येथील राजांनी प्रतिकार केला व प्रजेचे रक्त सांडले. छ्येन घराण्याने आज्ञेची वाटही न पाहता कोठारे मोहोरबंद करून अधिकार सोपविला, म्हणून त्या प्रदेशातील प्रजेस युद्ध कसे असते ते ठाऊकच नाही, असा सू शीच्या प्रतिपादनाचा आशय आहे. सू शी स्वतः शू प्रदेशाचा रहिवासी होता, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दोन्ही निर्णयांत नैतिक निवाडा अधिक आणि हिशेब कमी आहे. वूयुएच्या मांडलिकत्वाचा खर्च कोणी सोसला, आणि त्याच्या मोबदल्यात त्या प्रदेशाला काय मिळाले, हा प्रश्न वेगळा असून त्याचे उत्तर राज्याच्या घडणीतच शोधावे लागते.

संस्थापक छ्येन ल्यू (८५२–९३२) हा हांगचौजवळील लिनआन येथील सामान्य कुळातील. तरुणपणी तो चोरट्या मिठाच्या व्यापारात होता. ह्वांग छाओच्या बंडाने दक्षिण चीन हादरून गेला असता स्थानिक बंदोबस्तासाठी ज्या पलटणी उभ्या राहिल्या त्यांपैकी एकीचा नायक तुंग छांग याच्या हाताखाली तो पुढे आला. ८८७ मध्ये हांगचौचा कारभार त्याच्याकडे आला, आणि तुंग छांग युएचौ येथे बसला. ८९५ मध्ये तुंग छांगने स्वतःस सम्राट म्हणून घोषित केले, तेव्हा छ्येन ल्यूने तांग दरबाराच्या नावाने आपल्या जुन्या धन्याविरुद्ध शस्त्र उचलले आणि पुढील वर्षी त्याचा नाश केला. छ्येनतांग नदीच्या दोन्ही तीरांवरील मुलूख त्यामुळे एका हाती आला. या सेवेबद्दल तांग सम्राटाने ८९७ मध्ये त्यास जे लोखंडी अभयपत्र दिले ते आजही चीनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यावर सोन्याच्या अक्षरांत छ्येन ल्यूला नऊ वेळा व त्याच्या वंशजांना तीन वेळा देहदंड माफ असल्याचे अभिवचन कोरलेले आहे. दहा वर्षांनी ते अभिवचन देणारे राजघराणेच उरले नाही.

तुंग छांगच्या उदाहरणाचा धडा छ्येन ल्यू विसरला नाही. ९०७ मध्ये ल्यांग घराण्याने तांगांचे सिंहासन बळकावल्यावर कवी ल्वो यिन याने त्यास ल्यांगांविरुद्ध सैन्य उभारण्याचा सल्ला दिला. यश न आले तरी हांग व युए हाती ठेवून पूर्वेचा सम्राट होता येईल; राज्यापहाऱ्याची चाकरी करून कायमचा कलंक का लावून घ्यावा, असा त्याचा युक्तिवाद होता. तांग राजवटीत वारंवार परीक्षा देऊन अपयशी ठरलेल्या या माणसाने तांगांचीच बाजू घ्यावी याचे छ्येन ल्यूला नवल वाटले. त्याने सल्ला मानला नाही, पण त्याबद्दल ल्वो यिनचा आदरच केला. आणि स्वतः ल्यांगांकडून ‘वूयुएचा राजा’ ही पदवी स्वीकारली.

या निर्णयामागे भूगोल होता. वूयुएचा मुलूख आकाराने आजच्या चच्यांग प्रांताएवढा, त्यात सूचौचा परिसर अधिक. पूर्वेस समुद्र, उत्तरेस व पश्चिमेस वू हे कितीतरी मोठे राज्य, ज्याचे पुढे ९३७ मध्ये दक्षिण तांगांच्या राज्यात रूपांतर झाले, दक्षिणेस मिन. वू राज्य उत्तरेच्या राजवंशांना मानीत नसे. साहजिकच उत्तरेचा सम्राट व वूयुए यांचा शत्रू एकच ठरला. सम्राटाला दक्षिणेत वूच्या पाठीशी बसलेला एक मित्र हवा होता आणि वूयुएला वूचे लक्ष उत्तरेकडे गुंतवून ठेवणारा एक अधिपती हवा होता. तो अधिपती कोणत्या घराण्याचा आहे हा प्रश्न वूयुएच्या दृष्टीने गौण होता. ९१८ मध्ये वूने छ्येनचौ जिंकून खुष्कीचा मार्ग तोडला, तेव्हापासून वूयुएचे नजराणे जहाजांतून शांतुंगच्या किनाऱ्यावरील बंदरांत उतरू लागले व तेथून राजधानीस जाऊ लागले. वादळात जहाजे बुडत, दूत बुडत. तरी हा क्रम सुटला नाही.

मात्र हे मांडलिकत्व जेवढे नम्र दिसते तेवढे ते नव्हते. आपल्या राज्यात छ्येन ल्यूने स्वतःची कालगणना चालविली होती. सम्राटाचे वर्षनाम वापरणे हीच चीनमध्ये निष्ठेची कसोटी होती. त्यामुळे पुढे हे प्रकरण घराण्याने झाकून ठेवले. ओउयांग श्यूने जुन्या लोकांच्या तोंडून ते ऐकले, परंतु लेखी पुरावा म्हणून त्यास एका शिळेविषयीच्या राजाज्ञेत ‘पावझंग’ शकाच्या सहाव्या वर्षाचा, म्हणजे ९३१ चा, उल्लेख तेवढा मिळाला. इतिहासकार म्हणून त्याची ही चिकाटी वाखाणण्यासारखी आहे, आणि त्याच्या करविषयक आरोपांकडेही त्यामुळे केवळ द्वेषाचे फळ म्हणून पाहता येत नाही. ९२९ मध्ये उत्तरकालीन तांग दरबारातील मंत्री आन छुंगह्वे याच्याशी उद्धट पत्रव्यवहार केल्यावरून छ्येन ल्यूच्या पदव्या काढून घेण्यात आल्या. त्या मंत्र्याचा अधःपात झाल्यावर ९३१ मध्ये त्या परत मिळाल्या. दुसऱ्याच वर्षी ८१ वर्षांच्या छ्येन ल्यूने मृत्युशय्येवर वारसांना सांगितले की, उत्तरेत घराणे बदलले तरी थोरल्या सत्तेची सेवा सोडू नये. त्याच्या इच्छेनुसार मुलगा युआनग्वान याने राजचिन्हे बाजूस ठेवली आणि प्रांताधिकाऱ्याच्या रिवाजाने कारभार सुरू केला.

सीमेवर शांतता मिळविण्यास केवळ नजराणे पुरले नसते. ९१९ मध्ये याच युआनग्वानने वूच्या आरमाराचा लांगशान येथे यांगत्सेच्या पात्रात पराभव केला. वाऱ्याच्या दिशेने राख उधळून त्याने शत्रूचे डोळे बंद केले, आपल्या जहाजांवर वाळू व शत्रूच्या जहाजांवर चवळीसारखे कडधान्य टाकविले, त्यामुळे शत्रूचे खलाशी स्वतःच्याच तक्त्यांवर घसरून पडू लागले, आणि शेवटी जहाजांना ‘अग्नितैला’ने आग लावली. हे तेल समुद्रमार्गे अरबांच्या देशातून येई. त्याच वर्षी खुष्कीवर वूशी येथे वूयुएचा पराभव झाला, आणि दोन्ही पक्षांनी तह केला. तो तह वीस वर्षांहून अधिक टिकला. वूयुएची जी काही भरभराट झाली ती मुख्यतः या तहाच्या सावलीत झाली.

हांगचौ शहर छ्येनतांग नदीच्या मुखाशी आहे. या मुखातून येणारी भरतीची लाट जगातील सर्वांत उग्र लाटांपैकी एक असून ती शहराच्या तटाशी माती खात असे. ९१० मध्ये छ्येन ल्यूने समुद्रबांधाचे काम हाती घेतले. नुसती माती टाकून बांध टिकेना, तेव्हा बांबूच्या लांब टोपल्या विणून त्यांत दगड भरले, त्या एकावर एक रचल्या, आणि पुढे जाड लाकडी खांबांच्या रांगा ठोकून लाटेचा जोर मोडला. पाचशे धनुर्धरांनी लाटेवर बाण सोडून समुद्रदेवास मागे हटविले, ही कथा लोकांनी जपून ठेवली; टोपल्या विणणाऱ्यांची कथा कोणी सांगितली नाही. परंतु १९८३ मध्ये हांगचौ शहरात झालेल्या उत्खननात बांबू, दगड व लाकूड यांचा हा बांध प्रत्यक्ष सापडला आणि ग्रंथांतील वर्णनास पुष्टी मिळाली.

बांधापेक्षाही महत्त्वाची व्यवस्था होती ती गाळ काढणाऱ्या पलटणींची. ताइ सरोवराच्या भोवतालचा सखल प्रदेश कालव्यांच्या जाळ्यावर जगतो; कालवा दोन वर्षे दुर्लक्षित राहिला तर शेताचे तळे होते. या कामासाठी सूचौच्या बाजूस सात-आठ हजार माणसांच्या चार तुकड्या आणि हांगचौच्या पश्चिम सरोवरासाठी एक हजार माणसे कायम नेमलेली होती. ही आकडेवारी छ्येन घराण्याच्या भाटांची नाही, सुंग अधिकाऱ्यांची आहे, हे विशेष. १०४३ मध्ये फान चुंगयेन याने सम्राटास सादर केलेल्या निवेदनात म्हटले की, छ्येनांच्या काळी सूचौच्या त्या पलटणी केवळ कालवे व बांध पाहत आणि एक शी तांदूळ पन्नास नाण्यांस मिळे. साम्राज्य एक झाल्यावर शेतीची हेळसांड झाली व आता तोच तांदूळ सहा-सातशेपासून हजारापर्यंत गेला आहे. १०९० मध्ये सू शीनेही पश्चिम सरोवराचा गाळ काढण्याची परवानगी मागताना त्या एक हजार माणसांचा दाखला दिला. किमतींच्या तुलनेवर अर्थात फार भिस्त ठेवता येत नाही. मधल्या काळात चलनात आलेल्या नाण्यांची संख्या कितीतरी वाढली होती, आणि निवेदनकर्त्याला पैसे मंजूर करून घ्यावयाचे असले की जुना काळ नेहमीच सोन्याचा असतो. तथापि पलटणी होत्या आणि पुढे त्या राहिल्या नाहीत, एवढे निश्चित.

नाण्यांचा विषय निघाला म्हणून तिसरा राजा छ्येन त्स्वो याच्या कारकीर्दीतील एक प्रसंग पाहणे उपयुक्त आहे. ९४६ मध्ये सैन्याचे पगार वाढविता यावेत म्हणून लोखंडी नाणी पाडण्याचा विचार दरबारात झाला. राजाचा भाऊ हुंगयी याने त्यातील आठ दोष मांडले. नवी नाणी आली की जुनी तांब्याची शेजारच्या राज्यांत निघून जातील. आपली नाणी बाहेर चालणार नाहीत आणि व्यापार थांबेल. तांब्याच्या बंदीतही लोक चोरून नाणी पाडतात, मग घरोघर कढया आणि नांगरांचे फाळ असताना लोखंडाची बंदी कशी चालणार. मिन राज्याने हाच उद्योग केला आणि ते बुडाले. एकदा वाढविलेले वेतन कमी करता येत नाही. शेवटचा दोष असा की, घराण्याचे आडनावच ‘छ्येन’, म्हणजे नाणे. ते बदलणे अशुभ होय. विनोद बाजूस ठेवला तरी पहिल्या दोन मुद्द्यांत चलनविषयक जी समज दिसते ती त्या शतकात असामान्य म्हणावी लागेल. राजाने बेत सोडून दिला.

हाच राजा गादीवर आल्यावर त्याने कोठाराधिकाऱ्यास किती वर्षांचा साठा आहे असे विचारले, दहा वर्षांचा असे उत्तर मिळताच तीन वर्षांचा कर माफ केला, असे सुमा ग्वांगच्या इतिहासग्रंथात आहे. त्याच ग्रंथात ९४९ ची दुसरी नोंद आहे. पाचवा राजा छ्येन छू याने पडीक जमीन लागवडीस आणणारांना करमाफी दिली. नोंदवहीतून सुटलेली माणसे हुडकून कर वाढविण्याची सूचना करणाऱ्या एका गृहस्थास नगराच्या वेशीवर फटके मारविले. फटक्यांचा हा उपयोग ओउयांग श्यूच्या वर्णनाहून अगदी निराळा आहे.

या नोंदींनी ओउयांग श्यूचे म्हणणे खोटे ठरते काय? तसे म्हणता येत नाही. दहा वर्षांचे धान्य कोठारात साठले, याचाच अर्थ त्याआधी ते शेतकऱ्याकडून भरपूर घेतले गेले होते. हांगचौचाच रहिवासी असलेला शेन ख्वो लिहितो की, छ्येनांच्या राज्यात दर मू जमिनीस तीन तौ धान्य द्यावे लागे. शिवाय प्रत्येक प्रौढ पुरुषामागे डोईपट्टी होती. तीन घटकांत हा पैसा जाई : बांध व कालवे, सैन्य, आणि नजराणे. यांपैकी पहिल्याचा लाभ करदात्याला मिळत होता. दुसऱ्याचा काही अंशी. तिसऱ्याचा केवळ या अर्थाने की लढाई त्याच्या शेतात आली नाही.

९४६-४७ मध्ये सैन्य एकदा दूरवर गेले. मिन राज्य कोसळल्यावर दक्षिण तांगांनी फूचौला वेढा घातला असता तेथील नायकाने वूयुएची मदत मागितली. मंत्री विरोधात होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या त्स्वोने ओठ गेले तर दात गारठतात ही जुनी म्हण ऐकवून सैन्य धाडले. समुद्रमार्गे आलेल्या कुमकेने वेढा मोडला आणि फूचौ वूयुएला जोडले गेले. त्याच वर्षी त्स्वो वारला. धाकट्या त्सुंगला सेनापती हू चिनस्सु याने काही महिन्यांतच पदच्युत केले व छ्येन छूला गादीवर बसविले. भावाच्या जिवाला धोका होणार नाही या अटीवर छूने राज्यपद स्वीकारले आणि मारेकरी येऊनही ती अट पाळून दाखविली. दहा राज्यांच्या इतिहासात पदच्युत राजा घरात म्हातारा झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

छ्येन छूची तीस वर्षांची कारकीर्द भारतीय अभ्यासकास विशेष जवळची वाटावी. ९५५ मध्ये उत्तरेत चौ घराण्याच्या सम्राटाने तीस हजारांवर बौद्ध विहार मोडले व धातूच्या मूर्ती वितळवून नाणी पाडण्याचे धोरण आखले. नेमक्या त्याच वर्षाचा अंक असलेले काशाचे लहान स्तूप वूयुएमध्ये ओतले गेले. अशोकाने ८४ हजार स्तूप उभारले या बौद्ध अनुश्रुतीस अनुसरून छूने तेवढेच स्तूप करविण्याचा संकल्प केला होता; लेखात तो आकडा कोरलेला आहे. ९६५ मध्ये पुन्हा लोखंडाचे स्तूप झाले. त्यांच्या चार बाजूंवर जातककथा आहेत : भुकेल्या वाघिणीस देह देणारा राजपुत्र, मस्तक दान करणारा राजा, आणि कबुतरासाठी स्वतःचे मांस तोडून देणारा शिबी, जो अजिंठ्याच्या भिंतींवरही आहे. स्तूपांत ठेवण्यासाठी धारणीसूत्राच्या गुंडाळ्या ९५६, ९६५ व ९७५ मध्ये लाकडी ठशांनी छापण्यात आल्या. शेवटच्या छपाईच्या प्रती १९२४ मध्ये हांगचौचा लैफंग मनोरा कोसळला तेव्हा त्याच्या पोकळ विटांत आढळल्या. हे स्तूप जपानातही पोहोचले. जपानी भिक्षू निचिएन ९५३ मध्ये वूयुएला आला व ९५७ मध्ये नवे पंचांग घेऊन परतला. युद्धात नष्ट झालेले थ्येनथाय पंथाचे ग्रंथ छूने कोरियातून मागविले, आणि ते घेऊन भिक्षू छेग्वान आला. चीनचा सम्राट ज्याला आपला प्रांताधिकारी समजत होता तो समुद्रापलीकडे अशा रीतीने स्वतंत्र राजा म्हणून वावरत होता.

९६० मध्ये सुंग सत्ता आली आणि जुने समीकरण बदलले. उत्तरेचा अधिपती आतापर्यंत दूर व दुबळा होता, म्हणूनच तो उपयोगी होता. सुंगांनी एकेक राज्य गिळण्यास आरंभ केला, तसे नजराण्यांचे प्रमाण वाढत गेले. सोने, चांदी, रेशीम, युए भट्ट्यांची हिरवट चिनी माती अशी जहाजे भरभरून जाऊ लागली. ९७४-७५ मध्ये दक्षिण तांगांवर स्वारी झाली तेव्हा सम्राटाच्या आज्ञेने छ्येन छूने त्यांच्या पूर्व सीमेवरील छांगचौवर हल्ला चढविला. दक्षिण तांगांचा राजा ली यू याने त्यास कळविले की, आज मी उरलो नाही तर उद्या तुम्ही कोठून उराल. छूने ते पत्र सम्राटाकडे पाठवून दिले. शंभर वर्षांच्या शत्रूचे म्हणणे खरे असू शकते ही शक्यता त्याच्या ध्यानात आली नसेल असे नाही. दरबारातील एका मंत्र्याने तेच उघड सांगितले होते व त्याचे पद गेले होते. परंतु ९४६ मध्ये ज्या म्हणीवर सैन्य हलले ती म्हण आता बोलण्याची सोय राहिली नव्हती.

९७६ मध्ये छू खायफंगला गेला. सम्राट थाइत्सूने त्यास सन्मानाने परत पाठविले व निरोप देताना एक बंद गाठोडे दिले. वाटेत उघडून पाहता त्यात त्याला अटकावून ठेवावे अशी विनंती करणारे मंत्र्यांचे अर्ज होते. ९७८ मध्ये तो पुन्हा गेला. या खेपेस छ्वानचौचा शासक छेन हुंगचिन याने आपला मुलूख आधीच अर्पण केला होता. मंत्री त्स्वे रनची याने परिस्थितीचा अर्थ राजास स्पष्ट करून सांगितला. नोंदवही सादर झाली. राजाचे नातलग व अधिकारी यांना हजाराहून अधिक जहाजांतून उत्तरेस आणण्यात आले. छू दहा वर्षांनी, आपल्या साठाव्या वाढदिवशी, सम्राटाकडून आलेल्या भेटीचा स्वीकार केल्यानंतर मरण पावला. या योगायोगाविषयी नंतरच्या काळी पुष्कळ तर्क झाले. त्याचा मुलगा छ्येन वेयेन पुढे सुंग दरबारात मोठ्या पदास चढला, आणि लोयांग येथे त्याच्याच हाताखाली तरुण ओउयांग श्यूने नोकरीचा आरंभ केला. इतिहासकाराच्या कठोरपणाचे मूळ वैयक्तिक आकसात आहे असे छ्येनांच्या वंशजांनी सुचविले, त्यास एवढाच आधार आहे.

करांच्या प्रश्नाचा पुढील भाग सुंग कागदपत्रांत आहे. विलीनीकरणानंतर जमीनपट्टीची फेरआकारणी करण्यासाठी वांग फांगची या अधिकाऱ्यास पाठविण्यात आले. त्याने दर मू एक तौ असा दर ठरविला. कर परस्पर कमी केल्याबद्दल विचारणा झाली तेव्हा, हे लोक आता सम्राटाची प्रजा आहेत, बनावट राज्याचे दर त्यांच्याकडून कसे घ्यावेत, असे उत्तर त्याने दिल्याचे शेन ख्वो सांगतो. डोईपट्टीच्या बाबतीत मात्र कोणी असा प्रश्न विचारला नाही. ती सुंग अधिकारी पूर्ववत वसूल करीत राहिले. १०११ मध्ये, म्हणजे छ्येनांचे राज्य संपून ३३ वर्षे झाल्यावर, वूयुएचा जुना मुलूख, फूच्येन आणि दक्षिणेकडील आणखी काही विभाग यांतील ही पट्टी एकदम रद्द करण्यात आली. तिची वार्षिक रक्कम त्या वेळी साडेचार लाख माळा नाणी एवढी होती.